गोदाकाठचे हिवाळी पाहुणे

दिवाळी सरते, शिवारात रब्बीच्या पेरण्यांची लगबग सुरू होते आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागतो. याच सुमारास नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर दूरदेशीच्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. डॉ. सालिम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, ते या पक्षिवैभवामुळेच.

बंधाऱ्यातून उभे राहिलेले पाणथळ

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दगडी बंधारा बांधण्यात आला. अवर्षणग्रस्त भागाला कालव्यांद्वारे पाणी देणे हा त्याचा हेतू होता व आजही आहे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या तालुक्यांतील शेती या कालव्यांवर उभी राहिली. पुढे जलदगती कालव्याने वैजापूर व गंगापूर तालुक्यांकडेही पाणी नेले.

नद्यांनी पुराबरोबर आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, लहान लहान बेटे, पाणवनस्पती आणि काठावरची वृक्षराजी अशी विविधता निर्माण झाली. या परिसराला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथे २३०हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. या कराराखालील यादीत २०१९ मध्ये नांदूर मध्यमेश्वरचा समावेश झाला व हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. त्यानंतर २०२० मध्ये लोणार व २०२२ मध्ये ठाणे खाडी यांना हा मान मिळाला.

पक्षी का येतात ?

केवळ थंडी हे स्थलांतराचे कारण नव्हे. मध्य आशिया, सायबेरिया, तिबेट येथील सरोवरे हिवाळ्यात गोठतात, दिवस लहान होतो आणि अन्न दुर्मिळ होते. पिसांचे ऊबदार आवरण असलेल्या बदकाला थंडी सोसवते, उपासमार सोसवत नाही. म्हणून शरीरात चरबीचा साठा करून हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या त्यांच्या या वाटेला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवून या प्रवासाचा शास्त्रशुद्ध मागोवा घेण्याचे मोठे कार्य बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून केले.

पाण्यावरची पंगत

एकाच जलाशयावर इतके पक्षी एकत्र कसे जेवतात, हे पाहणे मोठे बोधप्रद आहे. तलवार बदक डोके पाण्यात व शेपूट वर करून तळाची वनस्पती खुडते. थापट्याची चोच पळीसारखी रुंद. ती पाण्यात फिरवून तो बारीक जीव गाळून घेतो. लालसरी खोल बुडी मारते. लांब लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत टिपतो, तर पाणलावा लांब चोच चिखलात खुपसून किडे शोधतो. चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे हलवीत पुढे सरकतो. ज्याची जशी चोच व जसे पाय, तसे त्याचे ताट. त्यामुळे पाण्याची खोली हातभर बदलली, तरी कोणाचे तरी ताट उचलले जाते.

संस्कृत काव्यातील विरही चक्रवाक येथे नारिंगी-तपकिरी पिसाऱ्यात जोडीने विहरताना दिसतो. काठालगतच्या शेतांत करकोच्यांचे थवे दाणे टिपतात. काळ्या अंगावर शुभ्र टिळा मिरवणारा वारकरी पक्षी तर शेकड्यांनी तरंगत असतो. थव्यावर दलदलीचा ससाणा घिरट्या घालू लागला की सारे पाणी एकदम उधळल्यासारखे वर उठते.

नवख्या निरीक्षकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हिवाळ्याच्या आरंभी येणारे बदकांचे नर बहुधा मादीसारखेच मळकट दिसतात. पिसे बदलल्यानंतर त्यांचे रंग खुलतात. ओळख पटविण्यास जानेवारी व फेब्रुवारी हे महिने म्हणूनच अधिक सोयीचे. स्थानिक मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयुक्त आहे.

गाळाचा पेच

या वैभवाच्या मुळाशी असलेला गाळ हाच आज कठीण प्रश्न आहे. गाळामुळे बंधाऱ्याची साठवणक्षमता घटली. गोदावरीला पूर येतो तेव्हा वरच्या अंगाच्या सायखेडा व चांदोरी येथे पाणी शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रामस्थांनी हे संकट भोगले. गाळ काढावा, ही त्यांची मागणी जिवाच्या काळजीतून आलेली आहे. दुसरीकडे, सरसकट खोदाई झाल्यास उथळ पाणी नाहीसे होईल व पक्ष्यांचा आसरा जाईल. पुराच्या मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करणे आणि काठाचे उथळ पट्टे व बेटे राखणे, असा विचारपूर्वक मार्गच दोघांच्या हिताचा ठरेल.

सांडपाणी आणि खतांचे अंश यांवर जलपर्णी फोफावते व पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते. मासेमारीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांवर अभयारण्याच्या नियमांचा भार प्रथम पडतो. पर्यटनातून मिळणारे मार्गदर्शकाचे, निवासाचे, भोजनाचे काम याच गावांतील हातांना मिळाले, तर अभयारण्य त्यांना आपले वाटेल.

पाहुण्यांशी वागताना

चापडगाव परिसरात निरीक्षण मनोरे आहेत. निफाड हे जवळचे रेल्वे स्थानक. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वोत्तम. मातकट वा हिरवट कपडे घालावेत, दुर्बीण बाळगावी, स्थानिक मार्गदर्शक सोबत घ्यावा. छायाचित्रासाठी थवे उडविणे कटाक्षाने टाळावे. वारंवार उडालेला पक्षी परतीच्या प्रवासासाठी साठविलेली चरबी येथेच खर्च करून बसतो. त्याची किंमत त्याला वाटेत मोजावी लागते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना तिच्यात सहभागी करून घ्यावे. आपल्या तळ्यावर या वर्षी कोण आले व कोण आले नाही, याची नोंद गावानेच ठेवली, तर पाण्याच्या प्रकृतीत होणारा बदल गावालाच सर्वांत आधी समजेल.