शिडाच्या नौकेवरील वीज

शिडाची नौका वाऱ्यावर चालते हें खरें. पण आजच्या नौकेला वाऱ्याइतकाच विजेचाहि आधार लागतो. रात्रीं दुसऱ्या जहाजांस दिसावें म्हणून लावलेले तांबडे, हिरवे व पांढरे दिवे, तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पंप, खोली मोजणारें यंत्र, रेडिओ आणि एंजिन सुरू करणारी मोटार, या सर्वांचा भार एकदोन बॅटऱ्यांवर असतो. घरांत दिवा गेला तर मेणबत्तीवर काम भागतें. मोठ्या जहाजांच्या वाटेवर अंधाऱ्या रात्रीं नौकेचा दिवा गेला, तर प्रसंग जिवावर बेततो.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानें १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडांतील फालमथ बंदर सोडलें, आणि २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परत येऊन एकट्यानें, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य हा मान मिळविला. त्याची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईंत बांधलेली होती. या सफरींत बॅटरीचें काम करतांना आम्ल त्याच्या डोळ्यांत उडालें व परत फिरावें कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. तो फिरला नाहीं. पुढें चार्जिंगच्या लहान एंजिनाची ठिणगीची फट जुळवावयाची वेळ आली, तेव्हां ती मोजण्याचें साधनच जवळ नव्हतें. त्यानें वहीचीं पानें मोजलीं. २०० पानांची जाडी एक इंच भरली. तेव्हां तीन पानें म्हणजे इंचाचे १५ सहस्रांश, हा हिशेब करून त्यानें फट बसविली. अंदाजानें पेंच पिळीत बसण्यापेक्षां आधीं माप घ्यावें, ही त्याची रीत नौकेवरील प्रत्येक बिघाडास लागू पडते.

दिवा मंद झाला कीं पहिला आरोप बॅटरीवर येतो, आणि पुष्कळदां तो खोटा ठरतो. शिशाच्या बारा व्होल्टी बॅटरींत सहा कप्पे असतात. प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ ला ती अर्धी उरते व ११.९ च्या खालीं जवळजवळ रिती होते. चार्जिंग थांबवितांच घेतलेला आंकडा फुगलेला असतो. त्यावर विश्वासूं नये. जीर्ण बॅटरीहि स्वस्थ असतांना चांगला आंकडा दाखविते, पण मोटारीचा भार पडतांच ढांसळते. म्हणून भार घालून दुसरें माप घ्यावें.

दोन्ही मापें ठीक असून दिवा मंदच राहिला, तर चोर वाटेंत आहे असें समजावें. खाऱ्या हवेनें तांब्याच्या तारेवर कळंक चढतो आणि तो रबरी वेष्टणाच्या आंत, डोळ्यांआड पसरत जातो. अशा एका सांध्यांत ओहमचा केवळ पांचवा भाग इतका रोध उत्पन्न झाला, तरी पांच अँपियर प्रवाहास एक संपूर्ण व्होल्ट तेथेंच गमवावा लागतो. एंजिनाची मोटार दोनशे अँपियर ओढते; तिच्या वाटेंत ओहमचा शंभरावा भाग म्हणजे दोन व्होल्टांचा तोटा! नवी बॅटरी आणून हा तोटा भरून निघत नाहीं. नौकेसाठीं कल्हई केलेली तार वापरतात ती याच कारणानें. पितळेच्या भांड्यांस कल्हई कां हवी हें जाणणाऱ्या गृहिणीला यांत नवल वाटणार नाहीं.

चोर पकडण्याची युक्ति सोपी आहे. दिवा चालू ठेवून व्होल्टमापकाची एक तार बॅटरीच्या अग्रावर व दुसरी त्यावर बसविलेल्या पकडीवर टेकवावी. सांधा निरोगी असेल तर कांटा जवळजवळ शून्यावर राहतो; हलला तर दोष तेथेंच. असें एकेक सांधा ओलांडीत फ्यूज, बटण व शेवटीं दिव्यापर्यंत जावें. परतीची, म्हणजे ऋण बाजूची वाट तपासावयास बहुतेक जण विसरतात. डोलकाठीच्या माथ्यावरील दिव्याची तार डेकवर जेथें जोडलेली असते, तो सांधा तर सर्वांआधीं पाहावा.

एंजिन चालू असतां दाब चौदा व्होल्टांच्या आसपास चढला पाहिजे. न चढल्यास विद्युज्जनित्राचा पट्टा सैल नाहीं ना, हें प्रथम पाहावें. सर्व कांहीं बंद असूनहि रात्रींतून बॅटरी उतरत असेल, तर पंपाचें तरंगतें बटण अडकून तो फुकट फिरत आहे कीं काय, हें तपासावें.

चार्ज होत असतांना बॅटरींतून उज्ज वायु निघतो व तो ठिणगीनें भडकतो. म्हणून जागा हवेशीर असावी. तार सोडतांना ऋण बाजू आधीं सोडावी, जोडतांना ती शेवटीं जोडावी. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि जवळ गोड्या पाण्याचें भरलेलें भांडें. आम्ल उडाल्यास डोळा निदान पंधरा मिनिटें सतत धुवावा व शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत घ्यावी.