पाळीव प्राण्यांकडून होणारे शवभक्षण

घरात पाळलेल्या कुत्र्याने, मांजराने वा अन्य प्राण्याने आपल्या मृत मालकाच्या देहाचा काही भाग कुरतडणे किंवा खाणे या घटनेस पाळीव प्राण्यांकडून होणारे शवभक्षण म्हणतात. एकटी राहणारी व्यक्ती बंद घरात मरण पावली आणि तिच्यासोबत प्राणी कोंडला गेला, म्हणजे असा प्रकार संभवतो. उघड्यावर पडलेल्या प्रेतावर कोल्हे, तरस, गिधाडे वा भटकी कुत्री यांनी उपजीविका करणे ही निसर्गातील नेहमीची घटना होय. पाळीव प्राण्यांचे वर्तन मात्र तिच्याहून अनेक बाबतींत वेगळे असल्याचे आढळून आले आहे. न्यायवैद्यकात (कायद्याच्या कामी उपयोगी पडणाऱ्या वैद्यकात) या विषयाला महत्त्व आहे, कारण मृत्यूनंतर प्राण्याने केलेल्या जखमा खुनी हल्ल्याच्या जखमांसारख्या भासू शकतात.

पारंपरिक कल्पना : इमानी प्राणी धन्याच्या देहाला तोंड लावणार नाही, ही समजूत जगात सर्वत्र दृढ आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागून अखेरपर्यंत चालत जाणारे कुत्रे येते. टोकिओतील शिबुया स्थानकावर हाचिको हे कुत्रे १९२५ मध्ये वारलेल्या धन्याची वाट १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत पाहत राहिले. रायगडावर १९३६ मध्ये वाघ्या कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. त्याने शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेतली अशी आख्यायिका असून समकालीन साधनांत मात्र तिला आधार मिळत नाही. पारशी समाजाच्या अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याच्या दृष्टीस पाडण्याचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. याच्या उलट कल्पनाही तितकीच जुनी आहे. होमरच्या इलियड महाकाव्यात (सर्ग २२) ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम, आपण स्वतःच्या पंगतीला वाढविलेली दारची कुत्रीच आपल्या मृत्यूनंतर आपला देह फाडतील, अशी भीती बोलून दाखवितो. निष्ठेच्या वरील कथांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील एकही प्राणी धन्याच्या मृतदेहासोबत बंद खोलीत एकटा राहिलेला नाही. त्यामुळे त्या कथा खऱ्या असोत वा नसोत, प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर त्यांवरून मिळत नाही.

संबंधित प्राणी : प्रसिद्ध झालेल्या न्यायवैद्यकीय वृत्तांतांत कुत्र्यांचा उल्लेख सर्वाधिक येतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असून तो निदान १५,००० वर्षे माणसाच्या सहवासात आहे. शिकार करणे आणि आयते मिळालेले मृत मांस खाणे या दोन्ही सवयी त्याच्या पूर्वजांत होत्या व त्या त्याच्यातही शिल्लक आहेत. लोकसमजुतीत मात्र कुत्र्यापेक्षा मांजरावरच अधिक संशय घेतला जातो. मांजर सामान्यतः ताजे भक्ष्य पसंत करते. तथापि मांजरांनी ओठ, नाक यांसारख्या मऊ भागांस इजा केल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मानवी देहाच्या विघटनाचा अभ्यास करणारे एक संशोधन केंद्र आहे. तेथील संशोधकांनी २०२० मध्ये दोन रानटी बनलेल्या मांजरांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. केंद्राच्या आवारात चाळीसहून अधिक दान केलेले मृतदेह असताना त्या दोन मांजरांपैकी प्रत्येकाने एकच देह निवडला व ते पुनःपुन्हा त्याच्याकडेच येत राहिले. हॅम्स्टरसारखे लहान कृंतक (कुरतडून खाणारे) प्राणीही यास अपवाद नाहीत. जर्मनीतील एका घटनेत पाळलेल्या सोनेरी हॅम्स्टरने मृत मालकिणीच्या त्वचेचे बारीक तुकडे आपल्या बिळात साठविले होते व ते तिचेच असल्याचे डीएनए परीक्षणाने सिद्ध झाले. या घटनेचा वृत्तांत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. [⟶ कुत्रा, मांजर].

काळ व कारणे : भुकेने व्याकूळ झाल्यावरच प्राणी असे करतो, असे सामान्यतः समजले जाते. काही घटनांत ते खरेही असते. मृत्यूनंतर अनेक दिवस वा आठवडे दार न उघडल्यास प्राण्याजवळ दुसरे अन्न उरत नाही. परंतु निरोगी कुत्रे अन्नावाचून अनेक दिवस तग धरू शकते आणि कित्येक घटना त्याहून फार लवकर घडलेल्या आहेत.

याचे सर्वांत परिचित उदाहरण बर्लिन येथील असून एम्. ए. रोथ्शील्ड व व्ही. श्नायडर यांनी ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ३१ वर्षांच्या एका पुरुषाने पिस्तुलाने आत्महत्या केली होती. आवाज ऐकू आल्यापासून सु. ४५ मिनिटांत त्याचा देह सापडला. तेवढ्या अवधीत त्याच्या अल्सेशियन संकरज कुत्र्याने चेहऱ्याचा व गळ्याचा काही भाग खाल्ला होता. खोलीत कुत्र्याच्या खाण्याचे भांडे अर्धे भरलेले होते. पोलीस आले तेव्हा कुत्रे शांत होते व सांगितलेले ऐकत होते. भूक, क्रूर स्वभाव किंवा धन्याविषयी वैर यांपैकी कोणत्याही कारणाने या घटनेचा उलगडा होत नाही.

खाल्ल्या गेलेल्या अवयवांवरूनही हेच सूचित होते. उघड्यावरील प्रेतावर श्वानकुलातील प्राणी प्रथम छाती व पोट फोडून पौष्टिक अंतस्त्ये खातात आणि नंतर हातपाय ओढून नेतात. डब्ल्यू. डी. हॅग्लंड व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील घटनांवरून या क्रमाच्या अवस्था निश्चित केल्या. घरातील घटनांत हा क्रम उलटा दिसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साठाहून अधिक घटनांच्या एका आढाव्यानुसार घरातील कुत्र्यांनी सु. तीन-चतुर्थांश घटनांत चेहऱ्यास इजा केली होती. पोटास इजा झाल्याचे प्रमाण त्या मानाने अल्प होते. सु. एक-चतुर्थांश घटनांत मृत्यूला एक दिवसही उलटला नव्हता. केवळ अन्न मिळविणे हाच हेतू असता, तर अंतस्त्ये सोडून चेहऱ्यापासून आरंभ करण्याचे कारण नव्हते.

यावरून पुढील उपपत्ती मांडण्यात आली आहे. माणसाशी व्यवहार करताना कुत्रा त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, चेहरा चाटतो व नाकाने ढोसतो. निश्चेष्ट पडलेल्या धन्याला उठविण्यासाठी तो प्रथम हेच करतो. प्रतिसाद न मिळाल्यास त्याची अस्वस्थता वाढते. चाटण्याचे रूपांतर हलके चावण्यात व त्यातून खरी जखम होण्यात होते. एकदा रक्ताची चव लागली की, खाण्याची उपजत प्रेरणा जागी होते. ज्यांच्या चेहऱ्यावर वा डोक्यावर आधीच जखम असते, अशा मृतांच्या बाबतीत हा क्रम अधिक लवकर घडणे शक्य असते. जिवंत पण बेशुद्ध व्यक्तीच्या बाबतीतही असे घडल्याचे उदाहरण आहे. फ्रान्समध्ये २००५ साली झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने बेशुद्ध पडलेल्या एका स्त्रीच्या चेहऱ्याचा खालचा भाग तिच्या लॅब्रॅडॉर कुत्रीने नष्ट केला. ती कुत्री तिला जागे करण्याचा प्रयत्न करीत असावी, असे तिच्या कुटुंबीयांचे मत होते. याच स्त्रीवर त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आम्येन येथे चेहऱ्याच्या आंशिक प्रतिरोपणाची जगातील पहिली शस्त्रक्रिया करण्यात आली.

असे वर्तन कुत्र्याच्या विशिष्ट जातीपुरते मर्यादित नाही. बऱ्याच वृत्तांतांत मालक व प्राणी यांचे संबंध चांगले असल्याचे शेजाऱ्यांनी व नातलगांनी सांगितलेले आहे. दुसऱ्या बाजूस, कित्येक प्राणी अनेक दिवस मृतदेहाजवळ राहूनही त्याला स्पर्श करीत नाहीत. मृतदेहाला इजा झालेली नसली, तर वैद्यकीय नियतकालिकात लिहिण्यासारखे काही उरत नाही. म्हणून प्रसिद्ध वृत्तांतांच्या संख्येवरून ‘किती प्राणी असे करतात’ याचे प्रमाण काढणे चुकीचे ठरते. वर्तनाचे कारण निष्ठेच्या अभावात नसून कोंडलेपण, भीती, भूक, स्वभाव आणि देहाची अवस्था यांच्या संयोगात आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येतो.

जखमांचे स्वरूप : मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबलेले असते, त्यामुळे या जखमांच्या कडांशी ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) रक्त साकळलेले आढळत नाही; सूज वा लालीही नसते. कडा वाळून पिवळसर व चर्मपत्रासारख्या होतात. कुत्र्याच्या सुळ्यांमुळे खोल छिद्रे व फाटलेल्या कडा, तर नख्यांमुळे समांतर ओरखडे उमटतात. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या जागी कडा बारीक दातेरी होतात व पटाशीच्या दातांच्या जोडखुणा दिसतात. मुंग्या व झुरळे यांमुळे त्वचेचा वरचा थर जाऊन तपकिरी चट्टे पडतात. ते गळ्यावर असल्यास फास आवळल्याचा, तर तोंडाभोवती असल्यास दाहक विष प्याल्याचा भास होतो. मात्र मोठी रक्तवाहिनी तुटल्यास किंवा जखम देहाच्या खालच्या बाजूस असल्यास मृत्यूनंतरही रक्त झिरपू शकते. अशा वेळी मृत्यूपूर्वीची व मृत्यूनंतरची जखम यांतील भेद ठरविण्यासाठी ऊतकाचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण आवश्यक ठरते.

न्यायवैद्यकीय महत्त्व : या प्रकारामुळे तपासात तीन अडचणी उद्‌भवतात. पहिली म्हणजे, विद्रूप चेहरा, घरभर उमटलेले रक्ताचे डाग व विस्कटलेले सामान यांमुळे नैसर्गिक मृत्यूही खून वाटू शकतो. दुसरी अडचण याच्या विरुद्ध स्वरूपाची आहे. गळा दाबल्याच्या खुणा किंवा गोळीची जखम प्राण्याने नष्ट केल्यास खरा गुन्हा दृष्टिआड होऊ शकतो. तिसरी, चेहरा नष्ट झाल्याने ओळख पटविणे कठीण जाते व दात, बोटांचे ठसे किंवा डीएनए यांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय उघड्या पडलेल्या ऊतकांवर माश्या लवकर अंडी घालतात, त्यामुळे मृत्यूची वेळ ठरवितानाही हा घटक ध्यानात घ्यावा लागतो. म्हणून घरात कोणते प्राणी आहेत, त्यांच्यापुढे अन्नपाणी किती उरले आहे, दारे-खिडक्या आतून बंद आहेत काय आणि प्राण्याच्या तोंडावर, पंजांवर वा विष्ठेत काही खुणा आहेत काय, यांची नोंद घटनास्थळीच करणे इष्ट असते. मृत्यू विषबाधेने झाला असल्यास प्राण्यालाही तिची बाधा होणे शक्य असते, म्हणून त्याची पशुवैद्यकीय तपासणी करतात. भारतात आकस्मिक वा संशयास्पद मृत्यूचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ अन्वये होत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ अन्वये होतो. [⟶ न्यायवैद्यक].

सामाजिक बाजू : मृताच्या आप्तांना अशा घटनेने दुहेरी आघात बसतो. मृत्यूच्या दुःखात, ज्या प्राण्यावर मृताने माया केली त्यानेच देहाची विटंबना केली ही भावना मिसळते व त्या प्राण्याला ठार मारण्याची मागणीही होते. प्राण्याला मृत्यूची वा विटंबनेची मानवी कल्पना असते, असे मानण्यास आधार नाही. बर्लिनच्या उदाहरणावरून दिसते त्याप्रमाणे असा प्राणी जिवंत माणसांशी आज्ञाधारकपणे वागू शकतो. म्हणून या एका कृतीवरून तो हिंस्र आहे असे न ठरविता तज्ञाकडून त्याचे निरीक्षण करवून घेणे उचित होय. घडलेला प्रकार आप्तांना सांगताना मृत्यू आधी झाला होता व मृताला या जखमांची वेदना झालेली नाही, हे स्पष्ट करणे महत्त्वाचे असते.

शवभक्षणाच्या घटनांच्या मुळाशी प्राण्याच्या स्वभावापेक्षा माणसाचे एकाकीपण अधिक आहे. जपानमध्ये कोणाच्याही नकळत एकट्याने येणाऱ्या मृत्यूस ‘कोदोकुशी’ असा स्वतंत्र शब्द रूढ झाला आहे. तेथील पोलीस खात्याच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकट्या राहणाऱ्या सु. ७६,००० व्यक्ती आपल्या घरी मरण पावल्या. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक व्यक्ती ६५ वर्षांच्या वा त्याहून अधिक वयाच्या होत्या. मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी गेल्यामुळे महाराष्ट्रातील शहरांतही एकटी राहणारी वृद्ध माणसे दिसतात. कित्येकांना कुत्र्या-मांजराचाच सोबती म्हणून आधार असतो. प्राणी पाळणे टाळणे हा यावरील उपाय नव्हे. कारण त्या सोबतीपासून मिळणारे सुख व स्वास्थ्य प्रत्यक्ष आहे, तर वर वर्णिलेला धोका क्वचित उद्‌भवणारा आहे. रोज ठराविक वेळी दूरध्वनी करणे, शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवणे, दूध वा वर्तमानपत्र दारातच पडून राहिल्यास चौकशी करण्यास दूधवाल्याला व वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाला सांगून ठेवणे आणि आपल्या पश्चात प्राण्याला कोण सांभाळील हे लिहून ठेवणे, हे उपाय साधे असून परिणामकारक आहेत. त्यांमुळे मृतदेहाची हेळसांड टळते, कोंडलेल्या प्राण्याचे हाल थांबतात आणि मनुष्य केवळ बेशुद्ध पडलेला असल्यास त्याचा जीवही वाचू शकतो.