भरलेला भोपळा आणि पाण्याचा हिशेब

ज्या भोपळवर्गीय फळांची साल वेलावरच कठीण होऊ दिली जाते आणि जी तोडल्यावर कित्येक महिने टिकतात, त्यांना पाश्चात्त्य शेतीच्या परिभाषेत ‘विंटर स्क्वॉश’ म्हणतात. ती हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, तर शरदात तोडून हिवाळाभर पुरवता येतात म्हणून हे नाव पडले. महाराष्ट्रात या गटात मोडतो तो तांबडा भोपळा, ज्याला काही भागांत डांगर तर काही भागांत गंगाफळ म्हणतात आणि ज्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॉस्काटा असे आहे. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच ते भारतात रुजले, तरी ऋषिपंचमीच्या भाजीत आणि नवरात्रातल्या घारग्यांत त्याने असे ठाण मांडले आहे की ते बाहेरून आले यावर अनेक घरांत सहज विश्वास बसणार नाही. असा भोपळा अख्खा ठेवून, आतून पोखरून, त्यात सारण भरून शिजवणे ही मात्र मराठी स्वयंपाकातली रूढ रीत नाही. ती पाहण्याजोगी आहे ती याच कारणाने: पदार्थ नवा आहे, पण तो साधण्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे ज्ञान भरल्या वांग्यांच्या आणि वालाच्या बिरड्याच्या रूपाने घरात आधीपासूनच आहे.

हा पदार्थ इथे ज्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात पाहायचा आहे ते अंबरनाथ पूर्वेचे आनंदनगर मुख्यतः अतिरिक्त औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. खंडेनवमीला कारखान्यांतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात तेव्हा इथला शरद सुरू झालेला असतो, पण युरोप-अमेरिकेतल्या शरदाशी त्याचे काहीच साम्य नसते. तिकडे भरलेला स्क्वॉश हे भट्टीची ऊब घराला हवीशी वाटू लागते त्या दिवसांचे जेवण आहे. इथे अश्विनात ‘ऑक्टोबर हीट’ चालू असते आणि स्वयंपाकघरात तासभर भट्टी पेटवण्याची कल्पनाही कोणाला रुचत नाही, शिवाय बहुतेक घरांत ती नसतेच. भोपळा मात्र नेमका याच वेळी येतो, कारण पावसाच्या तोंडावर लावलेल्या वेलांची फळे अश्विन-कार्तिकात पक्व होतात. कल्याणच्या बाजार समितीतून येणारा माल एकीकडे, आणि कर्जत-नेरळ-वांगणीकडून लोकलने पाट्या घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या दुसरीकडे, अशा दोन वाटांनी तो अंबरनाथ-बदलापूरच्या स्थानकांबाहेर पोचतो. तिथे तो सहसा अख्खा विकला जात नाही. कोयत्याने फोडून पाव किंवा अर्ध्या किलोची फोड दिली जाते, आणि अख्खे लहान फळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे भाजीवाली आधी जरा संशयानेच पाहते.

मराठी घरात भोपळ्याच्या फोडीच का होत आल्या याचे एक उत्तर विळीत सापडते. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी त्यावर दाबली जाते. त्यामुळे काप आरपार जातो, आणि फळाच्या माथ्यावर तिरका गोल छेद देऊन झाकण काढणे तिच्यावर शक्य होत नाही. दुसरे उत्तर चुलीचे आहे, कारण चारी बाजूंनी सारखी कोरडी उष्णता देणारे साधन घरात नसताना दोन किलोंचे अख्खे फळ शिजवणे हा जळणाचा अपव्यय ठरला असता. म्हणून भरायचे ते वांगे, कारले, तोंडले किंवा ढोबळी मिरची, म्हणजे वाफेवर पटकन शिजणारे आणि पानात अख्खे वाढता येणारे. जगात इतरत्र या अडचणी वेगवेगळ्या रीतींनी सुटल्या आहेत. आर्मेनियातल्या ‘घपामा’ या सणाच्या पदार्थात भोपळ्यात भात, सुका मेवा आणि मध भरून तो भट्टीत भाजतात. अर्जेंटिनात मांस-मक्याचा रस्सा भोपळ्यातच वाढतात. तर थायलंडमध्ये लहान भोपळ्यात नारळाच्या दुधाचे, अंड्यांचे गोड मिश्रण ओतून तो उकडतात. नारळ आणि वाफ या दोन्ही गोष्टी मोदकांच्या निमित्ताने अंगवळणी पडलेल्या कोकणपट्टीला यांतला शेवटचा मार्ग सर्वांत जवळचा आहे, आणि आनंदनगरातल्या गॅसच्या शेगडीवर तोच चालतो.

फळ निवडताना प्रथम देठ पाहिला जातो. कुकुर्बिटा मॉस्काटाचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा असतो आणि फळाला जिथे मिळतो तिथे पसरट होतो. तो सुकून लाकडासारखा झाला असेल तर फळ वेलावर पुरते पिकले आहे असे समजावे, आणि तुटला असेल तर ते फळ साठवणीचे नाही, कारण सडण्याची सुरुवात बहुधा त्याच जागी होते. पक्व सालीवर नख रुतत नाही. फळ दिसते त्यापेक्षा हाताला जड लागले पाहिजे, आणि भरण्यासाठी ते बसके, सपाट बुडाचे हवे, म्हणजे पातेल्यात कलंडणार नाही. बाजारात ‘डिस्को भोपळा’ या गमतीदार नावाने मिळणारा लहान गोल भोपळा या कामाला सोयीचा पडतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा वाणही एक-दीड किलोची बसकी फळे देणारा आहे. दीड ते दोन किलोंच्या फळात चार माणसांचे जेवण होते. त्याहून मोठे फळ घेतले तर कडा गळू लागतात तरी मधले सारण कच्चेच राहते.

अख्खा भोपळा पहिल्यांदा पुरुषाने चिरावा अशी समजूत काही घरांत अजून पाळली जाते. तिची धार्मिक कारणे काहीही असोत, कठीण सालीत सुरी घालायला मनगटात जोर लागतो हे खरेच. सुरीचे टोक देठापासून चार बोटे अंतरावर, आत आणि खाली झुकते असे रोवले जाते आणि त्याच तिरकेपणाने गोल फिरवले जाते. छेद सरळ उभा गेला तर शिजून आकसलेले झाकण आत पडते, तिरका गेला तर ते आपल्या खाचेत बसून राहते. फिरवताना एका जागी लहानशी त्रिकोणी खूण कापली जाते, कारण फळ कधीच पुरते गोल नसते आणि खूण नसेल तर झाकण कोणत्या बाजूने बसत होते हे नंतर उमगत नाही. आतल्या बिया आणि त्यांना धरून असलेली धागेदार जाळी हाताने ओढून काढल्यावर उरलेले धागे डावाच्या कडेने खरवडले जातात. ही जाळी पाणी धरून ठेवते आणि शिजल्यावर सारणात चिकट तार सोडते, म्हणून इथे आळस केलेला शेवटी जिभेला कळतो. बिया धुऊन उन्हात टाकल्या जातात.

यापुढचे सारे काम पाण्याभोवती फिरते. भोपळ्याच्या गरात वजनाच्या साधारण नव्वद टक्के पाणी असते, आणि ते शिजताना सुटणारच. भट्टीत यातले बरेचसे बाष्प होऊन उडून जाते. झाकलेल्या पातेल्यात ते कुठेही जात नाही. तेव्हा इथे सारणाचे पहिले काम चव देण्याचे नसून सुटणारा रस पिऊन घेण्याचे आहे. पाककृतीच्या पुस्तकांत सारणाची यादी चवीच्या क्रमाने दिलेली आढळते. ती तहानेच्या क्रमाने दिली असती तर पदार्थ बिघडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले असते. पहिला उपाय मिठाचा आहे. पोखरलेल्या फळाला आतून मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून ते अर्धा तास ताटलीवर पालथे ठेवले की मिठाच्या ओढीने पेशींतले पाणी बाहेर येते आणि ताटलीत पिवळसर, किंचित गोड रस साठतो. तो टाकून न देता सारण कालवायला वापरला जातो. चिंचेचे काम वेगळे आहे. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट माध्यमात सहजी विरघळत नाही, म्हणून आतून आंबट लागलेली भिंत मऊ होऊनही उभी राहते. चिंच वगळली तर तेच फळ पाऊण तासाने एका बाजूला बसलेले दिसते.

सारणात तांदूळ, वाल, दाण्याचे कूट आणि सुके खोबरे असे चार घटक असतात. तांदूळ जुना हवा. याच दिवसांत नवा तांदूळ बाजारात येऊ लागतो आणि त्याचा भात सुवासिकही होतो, पण तो कमी पाण्यात शिजतो व चिकटतो, तर वर्षभर मुरलेला तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा राहतो. शेजारच्या पालघर जिल्ह्यातला, 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम जुना मिळाला तर यासाठी उत्तम. पाऊण वाटी तांदूळ भरपूर पाण्यात उकळून, दाण्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसत असतानाच रोळीत निथळला जातो. तो कच्चाच भरला तर सारणाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचेतो बाहेरची भिंत लगदा झालेली असते, आणि पुरता शिजवून भरला तर पाणी प्यायला त्याच्यात जागाच उरत नाही.

वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, कोमट पाण्यात सोलले की त्याला बिरडे म्हणतात, आणि ठाणे-रायगड पट्ट्यात, विशेषतः सीकेपी घरांत, ते सणावाराचे अन्न आहे. एक वाटी बिरडे आधी साध्या पाण्यात बोटचेपे शिजवून घेणे आवश्यक असते, कारण चिंच आणि गूळ यांच्या संगतीत कडधान्य मऊ होण्याचे जवळपास थांबते. यानंतरचे दोन घटक भरल्या वांग्यांतून जसेच्या तसे उचललेले आहेत: अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट आणि पाव वाटी भाजून चुरलेले सुके खोबरे. ओले खोबरे इथे घालू नये. ते स्वतःच दूध सोडते. भाजण्याने दाणे आणि खोबरे यांतला ओलावा निघून जातो, आणि भिंत शेवटी मऊ होऊन उरलेला रस सोडू लागते तेव्हा तांदळाची भूक भागलेली असली तरी हे कूट तो रस टिपून दाट, तेलकट मसाल्यात बदलते. भरल्या वांग्यात कूट केवळ चवीला असते असे मानणाऱ्यांनी ते एकदा न घालता रस्सा करून पाहावा.

फोडणीला तेल, मोहरी, हिंग आणि मेथीदाणे असतात. तांबड्या भोपळ्याच्या साध्या भाजीतही मेथीदाण्यांची फोडणी अनेक घरांत घातली जाते, आणि तिचे कारण उघड आहे: भोपळ्याचा गोडवा एकसुरी असतो, त्याला कडसर टोक लागते. वालाचा कडवटपणाही त्याच बाजूला उभा राहतो. त्यावर बारीक चिरलेला कांदा लालसर परतून गोडा मसाला, तिखट आणि सुपारीएवढा गूळ घालून सारण कालवले जाते. कांद्याच्या बाबतीत शेजाराकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलेल्या आणि 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या गावातल्या सिंधी स्वयंपाकात ‘सेयल’ नावाची पद्धत आहे, जिच्यात भाजी, मासे किंवा शिळी पोळीसुद्धा कांदा-लसूण-कोथिंबिरीच्या वाटणात, पाणी जवळजवळ न घालता, मंद आचेवर शिजवली जाते. कांद्यातले पाणी आधी पुरते आटवून मगच पुढे जायचे हा तिचा धडा भरल्या भोपळ्याला तंतोतंत लागू पडतो. कालवलेले सारण मुठीत दाबले असता त्याचा मुटका वळावा, पण बोटांतून रस गळू नये. फळ तीन-चतुर्थांशच भरले जाते, दाबून नव्हे, कारण तांदूळ फुगायचा असतो.

शिजवण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात मोदकपात्रात किंवा तळाशी कुकरची जाळी ठेवलेल्या खोल पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून, त्यावर झाकण बसवलेला भोपळा ठेवला जातो. पातेल्याच्या झाकणाला आतून जमणारे थेंब खाली पडतात, पण भोपळ्याची स्वतःची टोपी ते सारणात जाऊ देत नाही. जाड फडके झाकणाखाली घेतले तर थेंब पडणेही टळते. चाळीस ते पन्नास मिनिटांनी सुरीचे टोक फळाच्या खांद्यापाशी टोचून पाहतात. बुडाजवळ टोचण्याचा मोह टाळावा, कारण त्या भोकातून सगळा रस पातेल्यात उतरतो. टोक किंचित अडखळत आत गेले की वाफेचे काम संपले असे समजून, दोन ताटल्यांच्या आधाराने भोपळा बिडाच्या कढईत थोड्या तेलावर हलवला जातो. हा दुसरा टप्पा कोरडा असतो: टोपी काढून बाजूला ठेवली जाते, कढई उघडीच राहते, आच मंद असते आणि पंधरा-वीस मिनिटांत बूड तांबूस होते. तोंडातून निघणारी वाफ आधी दाट आणि वालाच्या वासाची असते, मग विरळ होत जाते आणि तिच्यात खरपूस गुळाचा वास मिसळतो. तो आला की गॅस बंद करावा.

लगेच कापले तर सारण ओघळते. पंधरा मिनिटे तसेच ठेवल्यास तांदूळ आणि कूट शेवटचा रस ओढून घेतात आणि सालीवरच्या नैसर्गिक खाचांवरून सुरी घालून कलिंगडासारख्या फाका पाडता येतात, ज्यांत बाहेर नारिंगी भिंत आणि आत मसाल्याचा तपकिरी थर वेगळा दिसतो. सारणात भात असल्यामुळे पोषणाच्या हिशेबाने सोबत काही लागत नाही, पण ताटात तांदळाची भाकरी नसेल तर त्याला जेवण म्हणायला इथली मंडळी तयार नसतात, आणि लसणीची चटणी व ताक ओघानेच येते. साल शिजून मऊ झाली तरी बरेच जण ती पानाच्या कडेला ठेवतात.

उरलेल्या फाका रात्रभर ठेवल्या तर आणखी ओलसर होतात आणि पुन्हा गरम केल्यावर पहिल्या दिवसाची गोडी त्यांत राहत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी साल काढून भिंत आणि सारण एकत्र कुस्करले जाते आणि त्यात मावेल तेवढी थालीपिठाची भाजणी घालून, पाण्याचा थेंबही न वापरता, पीठ मळले जाते. हीच रीत घारग्यांचीही आहे, ज्यांत गुळात शिजवलेल्या किसात बसेल तेवढीच कणीक घालतात. पीठ हाताला चिकटले तर भाजणी वाढवतात आणि थालीपीठ नेहमीपेक्षा जाड थापतात, कारण भोपळ्याचे पातळ थालीपीठ उलटताना तव्यावर तुटते.