जुना दिवाण घेताना : आधी खालून पाहा, मग वरून

दिवाण हा शब्द फारसीचा. मुळात दीवान म्हणजे नोंदींची वही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात वेतनाच्या नोंदींसाठी जे दफ्तर सुरू झाले त्यालाही दीवानच म्हणत. पुढे दफ्तर जिथे भरे त्या दालनाला आणि नंतर त्या दालनात भिंतीलगत मांडलेल्या गादीच्या बैठकीलाही हेच नाव पडले. म्हणजे हे सामान मूळचे हिशेब ठेवणाऱ्यांचेच. तरीही त्याच्या खरेदीविक्रीत आम्ही दोनदा मार खाल्ला. तो तजुर्बा वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

पहिला घाटा विक्रीतला. १९९५ साली आम्ही भिवंडीतल्या आमच्या पेढीवर काचेचे काउंटर बसवले आणि अब्बांचा जुना तख्त भंगारवाल्याला ८०० रुपयांत देऊन टाकला. त्याच्या कडेला कापड मोजण्यासाठी गजागजावर पितळी खिळे ठोकलेले होते. काही महिन्यांनी मुंबईच्या चोरबाजारात एका दुकानाबाहेर तोच तख्त दिसला. खिळ्यांवरून ओळखला. भाव विचारला तर १४ हजार! आम्ही संतापलो, पण अब्बा एवढेच म्हणाले, "त्याने फसवले नाही बेटा, आपण आपला माल ओळखला नाही."

दुसरा घाटा खरेदीतला. २०११ साली अम्मींना बैठकीच्या खोलीत लवंडता यावे म्हणून "शंभर वर्षांचा अस्सल सागवानी" दिवाण घेतला. तीन महिन्यांत त्याची मधली पट्टी मोडली. अम्मी त्या वेळी त्यावरच बसलेल्या होत्या. अल्लाहने खैर केली, मुका मार लागला तेवढाच. सुताराने उलटा करून दाखवला : पाय सागवानाचे, बाकी सांगाडा आंब्याच्या लाकडाचा आणि आतून किडीने पोखरलेला. दोष दुकानदाराचा होताच, पण वाकून पाहिले नाही हा दोष आमचा.

अँटिक कशाला म्हणावे?

बाजारात साधारणपणे शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून कमी वयाची, पण आपल्या जमान्याची ओळख राखणारी वस्तू व्हिंटेज. घरात रोज वापरायचे असेल तर व्हिंटेज घेण्यात कमीपणा काही नाही. मजबूत सांगाडा मिळतो आणि वयाचे जादा पैसे मोजावे लागत नाहीत. वयाचे पैसे द्यायचेच असतील तर वयाचा पुरावा मागावा.

पुरावा लाकडातच असतो

दिवाण उलटा करायला सांगा. विकणारा कुरकुरला तर तिथूनच सलाम करून निघा. खालची बाजू कारागीर सहसा पॉलिश करत नसत, म्हणून खरे लाकूड तिथेच दिसते. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि वासाला कमावलेल्या चामड्यासारखे. शिसव गडद, जांभळट झाक असलेले आणि उचलताच जड वाटणारे. खाली प्लायवुड निघाले तर शंभर वर्षांची गोष्ट तिथेच संपली.

करवतीच्या खुणा पाहा. हातकरवतीचे ओरखडे सरळ पण थोडे वेडेवाकडे, तर यंत्राच्या गोल करवतीचे कमानीसारखे वळलेले. कमान दिसली म्हणून माल खोटाच असे नाही, पण मग हातकामाचा भाव देऊ नये. स्क्रू पाहा. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. तो सापडला तर दुरुस्ती तरी नंतरची आहे किंवा दिवाणच नंतरचा आहे. खरादीवर काढलेले गोल पाय कॅलिपरने दोन बाजूंनी मोजा. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या अंगाने आकसते, त्यामुळे जुना पाय अगदी गोल राहत नाही. चारही पाय तंतोतंत गोल असतील तर शंका घ्या.

कीड पाहण्यासाठी लाकडावर बोटाने ठोका आणि खाली पांढरा कागद पसरा. भोके जुनी असतील तर चालेल, पण ताजा पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. असा दिवाण घरात आणला तर बाकीच्या लाकडालाही धोका.

जुने लाखेचे पॉलिश खरवडून नवा चकचकीत थर देऊ नका. त्या रंगातच वस्तूची किंमत असते. वेताची विणाई फाटलेली असेल तर ती मात्र नवी करून घ्या. हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याशी मजुरीत घासाघीस करू नये.

माप आणि कापड

निघण्यापूर्वी दाराची चौकट आणि जिन्याचे वळण मोजा. बुजुर्गांसाठी गादी धरून उंची १८ इंचांच्या आसपास असावी. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघे बोलतात.

कापड हा आमचा धंदा, म्हणून हिशेब सांगतो. ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाडीच्या गादीची खोळ आणि दोन लोड यांना ५४ इंच पन्ह्याचे साडेपाच ते सहा मीटर कापड लागते. मोठी बुट्टी जुळवायची असेल तर अर्धा मीटर जास्त. सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात खोळ आखडते. आत गादीपाटाचे अस्तर आणि पिंजाऱ्याकडून पिंजून भरलेला कापूस असावा. फोम स्वस्त पडतो, पण दबला की फेकावा लागतो. कापूस पुन्हा पिंजता येतो.

कायदा आणि पावती

आखाती देशात राहणाऱ्या नातेवाइकांना जुना दिवाण पाठवण्याचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पावतीवर लाकडाचा प्रकार, अंदाजे वय आणि झालेली दुरुस्ती लिहून घ्या. "कर लागेल" ही सबब ऐकू नका. जुन्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल तर त्याला जीएसटी फक्त फरकाच्या रकमेवर भरता येतो.

शेवटची गोष्ट विकणाऱ्यांसाठी. आपल्या मोहल्ल्यांत आजही पोटमाळ्यावर आजोबांचे तख्त आणि पलंग पडून आहेत. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जाणत्या सुताराला शंभर-दोनशे रुपये देऊन ते दाखवा. आमच्या अब्बांचा तख्त दुसऱ्यांदा चोरबाजारात गेलो तोवर विकला गेला होता. तो आज कुणाच्या घरात आहे, अल्लाह जाणे. पितळी खिळे त्यांनी उपटले नसावेत, एवढीच दुआ.