नाकापासून मेंदूपर्यंत : प्रजननक्षमतेची गर्भातील पायाभरणी

कालवड वयात आली की साधारणतः 21 दिवसांच्या अंतराने माज दाखवू लागते. या चक्राचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातील मोजक्या चेतापेशी करतात. उंदराच्या मेंदूत त्यांची संख्या सुमारे 800 इतकीच असते. या पेशी ‘जीएनआरएच’ हे दहा अमिनो आम्लांचे संप्रेरक स्रवतात. त्याच्या प्रभावाने पीयूषिका ग्रंथी अंडाशय व वृषण यांना चालना देणारी संप्रेरके रक्तात सोडते.

या पेशींचा प्रवास विलक्षण आहे. मार्लीन श्वान्झेल-फुकुडा व डोनाल्ड फाफ, तसेच सुझन रे व त्यांचे सहकारी यांनी 1989 मध्ये उंदराच्या भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की या पेशी प्रथम भ्रूणाच्या नाकाच्या भागात आढळतात. गर्भधारणेच्या साधारण अकराव्या दिवसापासून त्या चेतातंतूंच्या आधाराने पुढे सरकतात, नाक व मेंदू यांमधील सीमा ओलांडतात आणि जन्मापूर्वीच अधश्चेतकात स्थिरावतात.

ही वाट अडली तर काय होते, याचे उत्तर मानवातील कालमन विकारात मिळते. या विकारात गंधज्ञान नसते आणि व्यक्ती नैसर्गिकरीत्या वयात येत नाही. अशा एका मानवी गर्भाच्या तपासणीत या पेशी मेंदूत न पोहोचता वाटेतच थांबलेल्या आढळल्या.

या संप्रेरकाच्या शोधात पशुधनाचाही वाटा आहे. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या, तर रोजर गिलमिन यांनी मेंढ्यांच्या अधश्चेतकापासून ते वेगळे केले. दोघांनाही 1977 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्याचीच बुसेरेलिनसारखी कृत्रिम रूपे पशुवैद्यक गाई-म्हशींतील अंडाशयाच्या गाठींवर आणि ठरावीक वेळी कृत्रिम रेतन करण्यासाठी वापरतात.

तथापि, इंजेक्शनाने तात्पुरती चालना मिळते. नियमित प्रजननचक्रासाठी या पेशींनी संप्रेरक स्वतःच ठरावीक लयीत, थोड्या थोड्या वेळाने स्रवावे लागते. जनावराची उपासमार झाली, किंवा व्याल्यानंतर दुधाच्या मानाने आहार अपुरा पडला, की ही लय मंदावते आणि माज लांबतो. म्हणून माजावर न येणाऱ्या जनावरासाठी पशुवैद्यकाच्या तपासणीबरोबरच त्याच्या गव्हाणीतील चारा, खुराक आणि शरीराची स्थिती पाहणेही तितकेच आवश्यक ठरते. जन्मापूर्वीच जागेवर पोहोचलेल्या या पेशी आयुष्यभर काम करतात. ते सुरळीत चालण्यासाठी त्यांना रोजच्या पोषणाची साथ लागते.