खाजणाचा वरचा काठ

डिसेंबर-जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येतं. एरवी उघडं असणारं खाजण तेव्हा तास-दोन तास जवळपास पूर्ण पाण्याखाली जातं. या खाजणात जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा एक उंदीर राहतो. त्याचं नाव सॉल्ट मार्श हार्वेस्ट माउस. या खाडीबाहेर जगात तो कुठंच नाही. त्याला पोहता येतं, खारं पाणीही पचतं. पण उधाणाच्या त्या दोन तासांत त्याला पाण्यावर डोकं काढून उभं असलेलं एखादं झुडूप लागतं. ते नसलं तर तो उघड्या बांधावर येतो, आणि तिथं बगळे टपलेलेच असतात. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातल्या ‘कॅलिफोर्निया रिजवेज रेल’ या पक्ष्याचीही तीच गत. हे दोघं १९७० पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत.

त्यांना तारणारं झुडूप म्हणजे गमप्लांट, शास्त्रीय नाव ग्रिंडेलिया. सूर्यफुलाच्या कुळातलं, कमरेएवढं वाढणारं, पिवळ्या फुलांचं. कळी उमलण्याआधी तिच्या तोंडाशी पांढरा चिकट डिंक जमतो, बोट लावलं तर सुटता सुटत नाही. हे झुडूप खाजणाच्या मधोमध सगळीकडे वाढत नाही. ओहोळांच्या किंचित उंच काठांवर आणि खाजण संपून जमीन सुरू होते त्या अरुंद पट्ट्यात ते येतं. या लेखाचा विषय तो पट्टा आहे, कारण शाळा-कॉलेजातल्या स्वयंसेवकांचं बहुतेक काम तिथंच चालतं.

पट्टा गेला कुठं, ते आधी सांगायला हवं. १८४९ च्या सोन्याच्या गर्दीआधी या खाडीभोवती सुमारे १ लाख ९० हजार एकर खाजण होतं. पुढच्या शंभर वर्षांत त्यातलं सुमारे चार पंचमांश गेलं. कुठं बांध घालून कुरणं केली, कुठं भराव टाकून वसाहती आणि विमानतळ उभे राहिले, आणि दक्षिणेकडचा मोठा भाग मिठागरांनी घेतला. १९५९ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी एक नकाशा काढला. भराव असाच चालू राहिला तर २०२० पर्यंत खाडीची नदी होईल, असं त्यात दिसत होतं. तो पाहून बर्कलीतल्या तीन बायकांनी, के केर, सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन आणि एस्थर गुलिक यांनी, १९६१ मध्ये ‘सेव्ह द बे’ ही संस्था काढली. चार वर्षांत भराव रोखणारा आयोग आला. १९७२ मध्ये खाडीच्या दक्षिण टोकाला राष्ट्रीय अभयारण्य जाहीर झालं. त्याचं मुख्यालय फ्रेमाँटला आहे. २००३ मध्ये कारगिल कंपनीकडून साडेसोळा हजार एकर मिठागरं विकत घेतली गेली आणि त्यांचं पुन्हा खाजण करायचं ठरलं.

आता इतक्या एकरांवर पोरांनी रोपं लावायची म्हटलं तर पिढ्या जातील. पण तसं करावंच लागत नाही. २००६ मध्ये फ्रेमाँटच्या दक्षिणेकडच्या तीन मिठागरांचे बांध ठिकठिकाणी फोडले. भरतीबरोबर गाळ आला, गाळ साचून तळ वर आला आणि पाण्याबरोबर वाहत आलेलं बी त्यात रुजलं. काही वर्षांत त्यातल्या एका मिठागरात एकही रोप न लावता हिरवळ धरली. खाजणाचा खालचा भाग भरती स्वतः लावते. माणसानं वाट मोकळी करून द्यायची, बस.

वरच्या पट्ट्याला हा नियम लागू पडत नाही. तिथं पाणी वर्षातून थोडेच वेळा पोचतं, म्हणून बीही कमी पोचतं आणि मीठही कमी साठतं. मीठ कमी म्हणजे तणाला रान मोकळं. शिवाय जुने बांध उभ्या चढाचे. खाजण संपतं तिथं लगेच भिंत सुरू. जिथं पन्नास-शंभर फुटांचा सौम्य उतार असायला हवा तिथं दोन पावलांची कडा राहिलेली, आणि तीही मोहरी आणि बडीशेपेनं भरलेली. हो, आपल्या फोडणीतल्या मोहरीची सख्खी बहीण असलेली काळी मोहरी आणि मुखवासातली बडीशेप या दोन्ही इथं नामांकित तणं आहेत. भूमध्य समुद्राकडून आल्या आणि माणसाच्या उंचीएवढ्या माजल्या. उन्हाळ्यात वाळून त्यांच्या काड्या होतात. उंदराला त्यांचा आडोसा जवळपास नाहीच.

काही शाळांत पदवीसाठी ठरावीक तास समाजसेवा लागते. नसली तरी कॉलेजच्या अर्जात ती शोभते. त्यामुळे शनिवारी सकाळी खाडीच्या काठावर पोरं येतात, त्यातली सगळीच पर्यावरणाच्या ओढीनं येत नाहीत. फ्रेमाँट, सनीवेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत, त्यांची मुलंही या गर्दीत असतात. तास भरायला आलेलं पोर आणि निसर्गवेडं पोर यांनी लावलेल्या रोपांत उंदीर फरक करत नाही, तेव्हा हेतूंची फार चिकित्सा करण्यात अर्थ नाही.

कामाची पद्धत मात्र बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आदल्या दिवशी जाणकारांनी उतारावर तारेच्या काड्यांना रंगीत झेंड्या लावून ठेवलेल्या असतात. एक रंग एका जातीचा. सगळ्यात खाली, उधाणाचं पाणी नेमानं येतं तिथं सॉल्टग्रास आणि फ्रँकेनिया. जरा वर गमप्लांट. त्याहून वर जमिनीखालून खोड पसरवणारं क्रीपिंग वाइल्डराय नावाचं गवत. दोन झेंड्यांच्या उंचीत कधीकधी वीतभरच फरक असतो, आणि तेवढ्यावर रोप जगायचं की मरायचं ते ठरतं. रोपं लांबट, नळीसारख्या कुंड्यांत वाढवलेली असतात, म्हणजे मुळं सरळ खाली जातात. जुन्या बांधाची चिकणमाती इतकी दबलेली असते की खड्ड्याला खुरपं पुरत नाही, फावडं घेऊन त्यावर उभं राहावं लागतं. खड्डा कुंडीएवढाच खोल हवा. जास्त खोल झाला तर बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. कमी झाला तर मुळांचा गड्डा वर राहून वाळतो. मग भोवती आळं, पाणी, आणि तण दाबायला लाकडाच्या भुशाचा थर. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण कॅलिफोर्नियाचा पावसाळा हिवाळ्यात असतो. त्यानंतर रेल घरटी करू लागतो आणि ऑगस्टअखेरपर्यंत खाजणाला लागून असलेल्या कामांवर बंधनं येतात.

ही झाडं मीठ कसं सोसतात, यातही तऱ्हा आहेत. सॉल्टग्रास आणि फ्रँकेनिया यांच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी भिंगातून पाहिलं तर पानावर मिठाचे खडे चमकताना दिसतात. खालच्या खाजणात मैलोगणती पसरणारं पिकलवीड मीठ बाहेर टाकत नाही. ते आपल्या रसरशीत पेरांत साठवतं, आणि शरद ऋतूत ती पेरं लाल होऊन गळतात, मिठासकट. आपल्याकडे अलिबागच्या बाजूला खाजणातल्या मोरसाची खारट भाजी करतात. ते मोरस आणि हे पिकलवीड एकाच कुळातले. हार्वेस्ट माउसचा मुक्काम मुख्यतः या पिकलवीडात असतो.

देशी झाडांचा आग्रह कशासाठी, हिरवं काहीही चालेल की, असं वाटणाऱ्यांनी या खाडीतल्या स्पार्टिनाची गोष्ट ऐकावी. स्पार्टिना हे चिखलात उभं राहणारं गवत. खाडीची स्वतःची जात ‘फोलिओसा’, बुटकी आणि सावकाश वाढणारी. १९७० च्या दशकात लष्कराच्या अभियंत्यांनी फ्रेमाँटजवळ अलामीडा क्रीकच्या काठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची ‘अल्टर्निफ्लोरा’ ही जात आणून लावली. हेतू चांगलाच होता, खाजण लवकर उभं करण्याचा. तीही अमेरिकनच, न्यूयॉर्क ते फ्लोरिडा किनाऱ्याचा कणा असलेली. पण दोन्ही जातींच्या फुलोऱ्याची गाठ पडली आणि संकर झाला.

संकर आईबापांपेक्षा दांडगा निघाला. उंची जास्त, परागकण भरपूर, आणि देशी स्पार्टिना जिथं तग धरत नाही तिथं खालच्या उघड्या चिखलातही त्यानं मुळं रोवली. त्या चिखलावर ओहोटीला हजारो स्थलांतरित पाणपक्षी किडे-शिंपले टिपायला उतरतात. त्यांचं ताट झाकलं गेलं. ओहोळ गाळानं बुजू लागले. संकराचे परागकण देशी झाडांवर पडून त्यांचं बीही संकरित होऊ लागलं, म्हणजे शेजारी देशी रोप लावणं म्हणजे शत्रूला आई पुरवणं. ठाण्याच्या खाडीतले रोहितही असंच उघड्या चिखलावर खातात. त्यामुळे दिसेल त्या चिखलात कांदळवन लावायला निघालेल्या आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी हा भाग दोनदा वाचायला हरकत नाही.

२००५ च्या सुमारास संकराविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हा तो शेकडो एकरांवर होता. तणनाशक फवारून पाच-सहा वर्षांत त्यातला बहुतेक भाग संपवला. आणि मग लक्षात आलं की रेल पक्षीही कमी होतोय. ज्या ठिकाणी गमप्लांट आणि चांगला देशी आडोसा उरलाच नव्हता, तिथं हा पक्षी त्या उंच संकरातच लपत आणि घरटी करत होता. एका कायद्यानं ज्याला वाचवायचं त्याचं घर दुसऱ्या सरकारी मोहिमेनं पाडलं. २०११ मध्ये वन्यजीव खात्यानं काही ठिकाणची फवारणी थांबवायला लावली. २०१४ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी या पेचाचं गणित मांडलं आणि ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. निष्कर्ष असा: दोन्ही साधायचं असेल तर उच्चाटनाचा वेग कमी करा, मधल्या काळात देशी झाडं लावा, ती वाढली की उरलेला संकर काढा. म्हणजे उपटणं आणि लावणं ही एकाच कामाची दोन टोकं, आणि लावणीची गती उपटण्याची गती ठरवणार. त्यानंतर गमप्लांट, सॉल्टग्रास आणि तपासून घेतलेल्या शुद्ध देशी स्पार्टिनाची रोपं लाखांनी लावली गेली. तपासून अशासाठी की पुढच्या पिढ्यांतला संकर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पानाचा तुकडा जनुकीय चाचणीला पाठवावा लागतो.

लावणीतही धोका असतो, आणि तो रोपवाटिकेतून येतो. २०१२ मध्ये मॉन्टेरे परगण्यातल्या एका रोपवाटिकेत ‘फायटोफ्थोरा टेंटाक्युलाटा’ हा मुळं कुजवणारा रोगजंतू सापडला. अमेरिकेतली ती पहिली नोंद. दोनेक वर्षांत तो खाडीच्या परिसरातल्या पुनरुज्जीवनाच्या जागांवर दिसला, म्हणजे निसर्ग दुरुस्त करायला नेलेल्या रोपांबरोबरच तिथं पोचला. तेव्हापासून या रोपवाटिकांत दवाखान्यासारखं सोवळं पाळतात. माती वाफवून घ्यायची, कुंड्या जमिनीपासून उंच मांडवावर ठेवायच्या, जुन्या कुंड्या निर्जंतुक करायच्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकानं बुटांचे तळवे ब्रशनं घासून त्यावर अल्कोहोल फवारायचं. शनिवारी आलेल्या पोरांचं पहिलं काम बहुधा हेच असतं आणि त्यांना ते कंटाळवाणं वाटतं.

शाळकरी मुलांच्या हातून होणाऱ्या या कामाला खाडीच्या उत्तरेला जुनी परंपरा आहे. १९९२ मध्ये सॅन अँसेल्मो गावातल्या ब्रुकसाइड शाळेच्या चौथीच्या वर्गानं कॅलिफोर्नियाची गोड्या पाण्यातली कोळंबी वाचवायची ठरवलं. ही संकटग्रस्त कोळंबी तीनच परगण्यांतल्या ओढ्यांत आढळते. काठाची झाडं गुरांनी खाऊन-तुडवून संपली की मुळांचा आडोसा जातो आणि तीही जाते. मुलांनी स्टेंपल क्रीकच्या काठी एका गुरांच्या रानात विलोच्या फांद्या रोवल्या. ओल्या मातीत विलोची नुसती कापलेली फांदी फुटते, त्यामुळे दहा वर्षांच्या हातांनाही ते जमतं. त्या वर्गातून ‘स्ट्रॉ’ हा कार्यक्रम उभा राहिला. तो आज ‘पॉइंट ब्लू’ ही शास्त्रीय संस्था चालवते आणि त्यातली मुलं ओढ्यांबरोबर खाजणांच्या काठांवरही लावणी करतात.

पुढचा प्रश्न समुद्राच्या पातळीचा. पाणी चढलं की खाजण मागे सरकायला बघतं. मागे उभा बांध किंवा महामार्ग असला तर ते जागच्या जागी बुडतं. त्यावर उपाय म्हणून आता बांधालाच लांब, सौम्य उतार देतात. म्हणजे हरवलेला वरचा पट्टा मुद्दाम बांधून काढायचा. ओरो लोमा इथल्या सांडपाणी केंद्राशेजारी असा प्रायोगिक उतार तयार झाला. त्यासाठी ‘सेव्ह द बे’च्या स्वयंसेवकांनी सुमारे ७० हजार देशी रोपं वाढवली आणि लावली. उताराच्या माथ्यावरून प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. ते मुळांखालच्या भुसभुशीत थरातून झिरपत गेलं तर त्यातलं नायट्रेट जवळपास सगळं निघून जातं. पृष्ठभागावरून वाहून गेलं तर मात्र फार थोडं निघतं. म्हणून पाणी किती सोडायचं आणि उतार किती ठेवायचा यावर सारं अवलंबून. २०१६ मध्ये खाडीभोवतीच्या नऊ परगण्यांनी मतदान करून दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलरचा कर वीस वर्षांसाठी स्वतःवर लावून घेतला, तो अशाच कामांसाठी. मातीकाम त्या पैशातून होतं. तण उपटायला मात्र यंत्र चालत नाही, कारण मोहरीच्या शेजारी बोटभर गमप्लांट उभा असतो आणि दोन्ही पहिल्या वर्षी सारखेच हिरवे दिसतात.