सातपुड्याच्या पायथ्याची अंगणवाडी: समज आणि वस्तुस्थिती

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरव्याचं जंगल, त्यापलीकडे मध्य प्रदेश. या डोंगरपट्ट्यातल्या अंगणवाडीत एकाच सतरंजीवर वऱ्हाडी, कोरकू आणि भिलाली बोलणारी पोरं बसलेली असू शकतात. विविधतेचा आदर करा, असं सेविकेला सगळेच सांगतात. आदर तिच्यापाशी बहुधा असतोच. अडतं ते माहितीपाशी.

‘ही पोरं मोडकीतोडकी मराठी बोलतात.’ कोरकूचं मराठीशी नातंच नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संथाली, मुंडारी आणि हो, थेट झारखंड-ओडिशाकडच्या. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. भिलाली, बारेली मात्र भिली गटातल्या, म्हणजे गुजराती-मराठीच्या गोतावळ्यातल्या. तेव्हा ‘आदिवासी भाषा’ अशी एकच भाषा नाही, आणि कोरकू पोराचं बोलणं भिलाला पोराला आपोआप कळेल, असं धरून चालू नये.

निहालीचं तर नवलच. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी या भागात ती बोलली जाते. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांचे शब्द तिच्यात भरपूर आहेत. ते बाजूला काढले की जे मूळ उरतं त्याचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी अजून सिद्ध झालेलं नाही. कुइपर या डच भाषापंडितानं 1962 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बुलढाण्यातल्या एखाद्या पोराला आपण ‘नीट बोल’ म्हणतो, तेव्हा ते कदाचित हे बोलत असतं.

‘दोन महिने झाले, तोंड उघडत नाही, मंद दिसतं.’ नव्या भाषेत येऊन पडलेलं मूल आधी नुसतं ऐकतं. काही आठवडे, कधी काही महिनेही. ते खेळतं का, खुणांनी सांगतं का, आणि मुख्य म्हणजे घरी आजीशी, भावंडांशी बोलतं का, हे विचारावं. घरच्या भाषेतही गप्प असेल, तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्याला दाखवावं.

‘आईनं घरी मराठीच बोलावं.’ सल्ला प्रेमाचा, पण चुकीचा. आईला स्वतःलाच जी भाषा अर्धी येते, त्या भाषेत ती गोष्ट सांगणार नाही, नुसत्या सूचना देईल. घरची भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या आधारानं येते. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे मातृभाषेतूनच शिकवायला सांगतं. सेविकेनं सगळी कोरकू शिकायची गरज नाही. पाणी, भूक, शी, दुखतंय, आई येईल. एवढे शब्द पाड्यावरच्या एखाद्या आजीकडून घेतले तरी पहिला महिना सुसह्य होतो.

‘नाच, पोशाख, सण केला की संस्कृती झाली.’ वर्षातून एकदा पोरांना सजवून उभं करणं सोपं. दसऱ्याला कागदी रावण जाळणं त्याहून सोपं. पण सातपुड्यातल्या कोरकूंमध्ये मेघनादाची पूजा आहे, म्हणजे रावणाच्या मुलाची. हे काही आदिवासींचंच नाही: शेजारच्या अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी रावणाची मूर्ती पुजतात. दहन करायचंच, तर आधी पाड्यावर विचारून घ्यायला काय हरकत आहे?

‘एवढ्याशा पोरांना भेद कुठे कळतो!’ कळतो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बऱ्याच जणांनी ‘चांगली’ म्हणून गोरी उचलली. शाळांमधली वर्णभेदी वाटणी रद्द करणाऱ्या 1954 च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. आपल्याकडे बाहुल्या लागत नाहीत. आहार वाटताना कोण कोणाशेजारी बसतं, कोणाच्या डब्याला नाक मुरडलं जातं, हे पाहिलं तरी पुरे. सेविका तेव्हा काय बोलते, आणि काय बोलायचं टाळते, दोन्ही पोरं टिपतात.

‘संस्कृती त्यांना असते, आपण साधे.’ गावातलं पोर ‘मले पानी पायजे’ म्हणतं, तेव्हा ‘मला म्हण’ असं सुधारणारी सेविका घरी गेल्यावर स्वतः ‘मले’च म्हणते. वऱ्हाडीला कमी लेखायची सवय आपल्याला पुस्तकांनी लावली, आणि तीच सवय पुढे कोरकूच्या वाट्याला येते.